‘किंवा’ या एका शब्दाची सुनावणी

वॉशिंग्टनमध्ये १७ मार्च २००५ रोजी अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या शासन सुधारणा समितीपुढे बेसबॉलमधील स्टेरॉइडच्या वापरावर जी सुनावणी झाली, तिच्यातली दोन दृश्ये लोक अजून विसरलेले नाहीत. एकात माजी खेळाडू मार्क मॅग्वायर डोळ्यांवर वाचायचा चष्मा चढवून, लिहून आणलेले निवेदन दाटल्या गळ्याने वाचतो आणि पुढे प्रत्येक अडचणीच्या प्रश्नाला आपण भूतकाळाविषयी बोलायला आलेलो नाही, एवढेच उत्तर देत राहतो. दुसऱ्यात राफाएल पाल्मेरो समितीच्या दिशेने बोट रोखून, आपण स्टेरॉइड कधीही घेतलेले नाहीत असे शपथेवर सांगतो. त्याच वर्षी १५ जुलैला पाल्मेरोने कारकिर्दीतला तीन हजारावा हिट, म्हणजे तळ गाठून देणारा फटका, नोंदवला आणि १ ऑगस्टला स्टॅनोझोलॉल या स्टेरॉइडच्या चाचणीत दोषी ठरून तो दहा दिवसांसाठी निलंबित झाला. ही दृश्ये इतकी ठसठशीत आहेत की त्या सुनावणीचा अर्थ त्यांच्यातच शोधला जातो. मला मात्र वाटते की त्या दिवसाचे खरे मोल या दोन्ही खेळाडूंच्या साक्षीत नव्हते. ते एका कागदावरच्या एका शब्दात होते.

तो कागद म्हणजे मेजर लीग बेसबॉल, म्हणजे अव्वल दर्जाच्या व्यावसायिक संघांची संस्था, आणि खेळाडूंची संघटना यांनी मिळून तयार केलेल्या उत्तेजक-विरोधी धोरणाचा मसुदा. जानेवारी २००५ मध्ये आयुक्त बड सीलिग आणि संघटनेचे प्रमुख डोनाल्ड फेहर यांनी हे धोरण जाहीर केले, तेव्हा पहिल्यांदा दोषी ठरणाऱ्या खेळाडूला दहा दिवस निलंबित केले जाईल असे देशाला सांगण्यात आले होते. समितीने मूळ दस्तऐवज मागवून घेतला आणि सुनावणीच्या तोंडावर तो वाचला, तेव्हा त्यात लिहिले होते की दहा दिवसांचे निलंबन किंवा दहा हजार डॉलरपर्यंतचा दंड. खेळाडूचे सरासरी वेतन तेव्हा वर्षाला पंचवीस लाख डॉलरच्या घरात होते आणि मोसमात १६२ सामने असतात. म्हणजे हा दंड सरासरी खेळाडूच्या एका सामन्याच्या कमाईइतकाही नव्हता. शिवाय निलंबित खेळाडू मैदानावर दिसत नाही म्हणून त्याचे नाव लपत नाही, दंड मात्र चार भिंतींच्या आत भरता येतो. ‘किंवा’ या शब्दाने सारी शिक्षा ऐच्छिक करून टाकली होती. सुनावणीत त्यावर प्रश्नांची सरबत्ती झाली आणि ही दंडाची पळवाट नंतर काढून टाकण्यात आली.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे की संसदेने बेसबॉलची झडती घेतली हे योग्यच झाले, पण त्या झडतीचे बळ नियम करणाऱ्यांवर लागले तेव्हाच तिने काही साधले. तेच बळ एखाद्या खेळाडूच्या तोंडून कबुली वदवून घेण्यासाठी लागले, तेव्हा हाती काही आले नाही, उलट बरेच काही गमावले गेले. दुर्दैवाने लक्षात राहिली ती दुसऱ्या प्रकारची झडती, आणि पुढच्या समित्यांनी अनुकरणही तिचेच केले.

मुळात संसदेला या भानगडीत पडण्याचा अधिकार काय, हा आक्षेप त्या वेळी मोठ्या जोरात घेतला गेला. बेसबॉलच्या वकिलांनी तर समितीचे अधिकारक्षेत्रच नाकारले होते. इराकमध्ये युद्ध चालू असताना लोकप्रतिनिधींनी चेंडूफळीच्या खेळावर अकरा तास घालवावेत का, असे विचारणारेही पुष्कळ होते. दुसरा आक्षेप मला फारसा गंभीर वाटत नाही, कारण एका समितीचा एक दिवस म्हणजे संसदेचा कारभार नव्हे. पहिला मात्र नीट तपासायला हवा. बेसबॉल हा खाजगी धंदा आहे हे खरे, पण तो इतर खाजगी धंद्यांसारखा नाही. १९२२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने न्यायमूर्ती होम्स यांच्या निकालपत्राद्वारे बेसबॉलला मक्तेदारीविरोधी कायद्यातून सूट दिली. १९७२ मध्ये कर्ट फ्लड या खेळाडूच्या दाव्यात त्याच न्यायालयाने ही सूट विसंगत असल्याचे मान्य केले, पण ती दूर करायची तर संसदेने करावी असे म्हणून हात वर केले. संसदेने १९९८ मध्ये कायदा करून ती सूट फक्त मेजर लीग खेळाडूंच्या नोकरीविषयक बाबींपुरती काढून घेतली. जो धंदा संसदेच्या मौनावर आपले विशेषाधिकार टिकवून आहे, त्याने संसदेने काही विचारले की आपण खाजगी असल्याचे सांगणे पटण्यासारखे नाही.

दुसरी गोष्ट सार्वजनिक पैशाची. सीलिग ज्या मिलवॉकी ब्रूअर्स संघाचे मालक होते, त्याच संघाचे उदाहरण घ्या. त्या संघाच्या नव्या मैदानासाठी विस्कॉन्सिन राज्यातल्या पाच काउंट्यांमध्ये १९९६ पासून ०.१ टक्का जादा विक्रीकर लावला गेला आणि तो २०२० पर्यंत चालू राहिला. म्हणजे ज्या बाईने आयुष्यात एकही सामना पाहिला नसेल, तिनेही मुलासाठी बूट घेताना बेसबॉलच्या मैदानाला आपला वाटा दिला. तिच्या प्रतिनिधीला त्या मैदानावर काय चालते हे विचारण्याचा हक्क नसेल, तर मग कोणाला आहे?

प्रश्न नवा नव्हता, आणि म्हणूनच तो विचारणे भाग होते. ॲनाबॉलिक स्टेरॉइड म्हणजे टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाची प्रयोगशाळेत घडवलेली भावंडे. त्यांनी स्नायू वाढतात आणि थकलेले शरीर लवकर सावरते. सहा महिने जवळजवळ रोज खेळणाऱ्याला या दुसऱ्या गुणाचे मोल पहिल्याहून अधिक. त्याची किंमत यकृत आणि हृदय मोजतात, शरीर स्वतःचे संप्रेरक बनवायचे थांबते आणि औषध बंद केल्यावर काहींना खोल नैराश्य येते. १९९० मध्ये अमेरिकी संसदेने डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ही औषधे जवळ बाळगणे गुन्हा ठरवले. १९९१ मध्ये तेव्हाचे आयुक्त फे व्हिन्सेंट यांनी सर्व संघांना पत्र पाठवून स्टेरॉइड निषिद्ध असल्याचे कळवले, पण चाचणीची सोयच नव्हती, त्यामुळे पत्र कागदावरच राहिले. पुढच्या वर्षी मालकांनी व्हिन्सेंट यांना पायउतार व्हायला लावले आणि त्यांच्या जागी आधी हंगामी आणि १९९८ पासून कायम आयुक्त म्हणून आले बड सीलिग, म्हणजे मालकांपैकीच एक.

त्यानंतर १९९४ चा संप झाला, त्या वर्षीची अजिंक्यपदाची मालिका रद्द झाली आणि प्रेक्षक रागावून पाठ फिरवून गेले. त्यांना परत आणले ते १९९८ च्या उन्हाळ्याने. होमरन, म्हणजे आपल्या षटकारासारखा सीमेपार जाणारा फटका, एका मोसमात ६१ मारण्याचा रॉजर मॅरिसचा विक्रम १९६१ पासून टिकून होता. त्या उन्हाळ्यात मॅग्वायरने ७० आणि सॅमी सोसाने ६६ मारले. त्याच ऑगस्टमध्ये मॅग्वायरच्या कपाटाच्या फळीवर एका वार्ताहराला अँड्रोस्टेनडायोन नावाच्या गोळ्यांची बाटली दिसली. हे द्रव्य शरीरात गेल्यावर त्याचे टेस्टोस्टेरॉन होते. ते तेव्हा दुकानात उघड मिळत असे आणि बेसबॉलच्या नियमात बसत असे, पण ऑलिम्पिकमध्ये त्यावर बंदी होती. बातमी छापून आली तेव्हा गोळ्यांपेक्षा त्या वार्ताहराच्याच चौकसपणावर जास्त टीका झाली. मालकांनी, आयुक्तांनी, संघटनेने, आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर प्रेक्षकांनीही, त्या बाटलीकडे पाहून नजर वळवली. १९९६ मध्ये नॅशनल लीगचा, म्हणजे मेजर लीगच्या दोन गटांपैकी एकाचा, सर्वोत्तम खेळाडू ठरलेला केन कॅमिनिटी याने २००२ मध्ये आपण त्या मोसमात स्टेरॉइड घेत होतो असे एका साप्ताहिकाला सांगितले, तेव्हा कुठे वारे फिरले. जूनमध्ये सेनेटच्या उपसमितीने फेहर आणि मालकांचे वकील रॉब मॅनफ्रेड यांना बोलावले, ऑगस्टमध्ये दोन्ही बाजूंनी निनावी चाचणीला मान्यता दिली. २००३ मध्ये पाच ते सात टक्के नमुने दोषी निघाले म्हणून २००४ पासून नावानिशी चाचणी सुरू झाली, पण पहिल्या दोषाला निलंबन नव्हते, फक्त उपचार. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कॅमिनिटी ४१ व्या वर्षी गेला. हा क्रम मी मुद्दाम तपशिलात सांगितला, कारण त्यातून एक गोष्ट स्वच्छ दिसते. बेसबॉल स्वतःहून हलले नाही; प्रत्येक पाऊल कोणीतरी बाहेरून ढकलल्यावर पडले.

मार्च २००५ च्या त्या दिवशी खेळाडूंच्या आधी समितीपुढे बसले होते दोन मुलांचे आईवडील. डोनाल्ड हूटन हे टेक्सासमधल्या प्लेनो या गावाचे. त्यांचा मुलगा शाळेच्या संघातून चेंडू फेकायचा. तो २००३ मध्ये सतराव्या वर्षी आत्महत्या करून गेला. दुसरे दांपत्य कॅलिफोर्नियातले, त्यांचा मुलगा विद्यापीठाच्या संघातून खेळलेला, तोही तसाच गेलेला. या पालकांची खात्री होती की त्यांच्या मुलांना स्टेरॉइडने खाल्ले. हूटन यांनी मेजर लीगमधल्या नामवंत खेळाडूंना केवळ फसवे म्हटले नाही, तर भित्रे म्हटले, कारण ज्यांच्या चित्रांचे तक्ते मुलांच्या खोल्यांत लागतात ते मुलांना खरे सांगायला धजत नाहीत. हे ऐकल्यावर काही वेळाने त्याच खोलीत, त्याच टेबलापाशी मॅग्वायर येऊन बसतो. अशा प्रसंगी त्याच्याकडून सत्याची अपेक्षा करणे अगदी स्वाभाविक होते, आणि म्हणूनच त्याचे मौन इतके झोंबले.

पण त्या मौनामागे काय होते हे पुढे बाहेर आले. मॅग्वायर सारे सांगायला तयार होता. फक्त त्या कबुलीवरून आपल्यावर खटला भरला जाणार नाही एवढे अभय त्याला हवे होते. समितीचे अध्यक्ष टॉम डेव्हिस यांनीच २०१० मध्ये हे सांगितले. त्यांनी अभयासाठी सरकारच्या महाधिवक्त्यांकडे विचारणा केली आणि तिथून नकार आला. मग समितीपुढे दोन रस्ते होते: त्याला बोलावू नये, किंवा बोलवून प्रश्न धोरणापुरते ठेवावेत. समितीने तिसराच रस्ता धरला. तो उत्तर देऊ शकत नाही हे ठाऊक असताना त्याला कॅमेऱ्यांपुढे बसवले आणि तेच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले. जानेवारी २०१० मध्ये मॅग्वायरने आपण १९९८ च्या मोसमासह वर्षानुवर्षे स्टेरॉइड घेत होतो असे जाहीरपणे मान्य केले. अभय मिळाले असते तर देशाने, आणि समोर बसलेल्या त्या आईवडिलांनी, हे पाच वर्षे आधी ऐकले असते, आणि त्याबरोबर औषध कुठून यायचे, संघात कोणाला ठाऊक होते, डॉक्टर काय म्हणायचे हेही कळले असते. धोरण घडवायला हीच माहिती उपयोगाची होती. एका माणसाच्या मानहानीपेक्षा तिचे मोल किती तरी अधिक होते.

खेळाडू उठून गेल्यावर बऱ्याच पत्रकारांचे काम संपले. रात्र पडत असताना सीलिग, फेहर, मॅनफ्रेड आणि बेसबॉलच्या व्यवस्थापनातली माणसे टेबलापाशी आली, आणि माझ्या मते सुनावणीचा सगळ्यांत कामाचा भाग तेव्हा सुरू झाला. तिथे कोणाच्या चारित्र्याचा प्रश्न नव्हता. कलमे होती, दिवस होते, रकमा होत्या. पाच वेळा दोषी ठरेपर्यंत खेळाडूला कायमचे बाहेर काढायची तरतूद का नाही, आणि जनतेला निलंबन सांगून कागदात दंडाची मुभा का ठेवली? डेव्हिस रिपब्लिकन आणि समितीतले ज्येष्ठ विरोधी सदस्य हेन्री वॅक्समन डेमोक्रॅट, पण त्या रात्री दोघे एकाच बाजूने विचारत होते. त्यानंतरच्या महिन्यांत सर्व व्यावसायिक खेळांसाठी पहिल्याच दोषाला दोन वर्षांची बंदी घालणारी विधेयके पुढे आली, सप्टेंबरात सेनेटच्या समितीपुढे हँक ॲरनसारखा महान खेळाडू कडक नियमांच्या बाजूने येऊन बसला. नोव्हेंबर २००५ मध्ये मालक आणि संघटना यांनी, चालू करार आणखी वर्षभर शिल्लक असताना, तो पुन्हा उघडला: पहिल्या दोषाला ५० सामने, दुसऱ्याला १००, तिसऱ्याला आजन्म बंदी. ॲम्फेटामिन या तरतरी आणणाऱ्या औषधाची चाचणीही त्यात आली. पुढे २०१४ मध्ये पहिल्या दोन शिक्षा ८० आणि १६२ सामन्यांवर गेल्या. दहा दिवस किंवा दहा हजार डॉलर इथपासून ५० सामन्यांपर्यंतचे हे अंतर आठ महिन्यांत कापले गेले, ते कोणाच्या कबुलीने नव्हे. कायदा येईल या भीतीने कापले गेले.

याच्या शेजारी १३ फेब्रुवारी २००८ ची सुनावणी ठेवून पाहावी. सीलिग यांनी स्टेरॉइडच्या वापराच्या चौकशीसाठी नेमलेले माजी सेनेटर जॉर्ज मिचेल यांचा अहवाल डिसेंबर २००७ मध्ये आला होता. चारशेहून अधिक पानांत ८९ खेळाडूंची नावे. त्यांत रॉजर क्लेमेन्स हा आपल्या पिढीतला सर्वांत नावाजलेला पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, होता, आणि त्याच्याविरुद्धचा पुरावा मुख्यतः त्याचा जुना प्रशिक्षक ब्रायन मॅकनेमी याच्या जबानीवर उभा होता. क्लेमेन्सने सगळे नाकारले. समितीने, आता वॅक्समन यांच्या अध्यक्षतेखाली, या दोघांना एकाच टेबलाशी बसवून कोण खोटे बोलतो हे ठरवायचा प्रयत्न केला. सुनावणीपूर्वी क्लेमेन्स सदस्यांच्या कार्यालयांत जाऊन एकेकाला भेटून आला होता. सुनावणीत सदस्य पक्षाप्रमाणे फुटले: डेमोक्रॅट क्लेमेन्सवर तुटून पडले, रिपब्लिकन मॅकनेमीवर. मॅकनेमीने वर्षानुवर्षे बिअरच्या डब्यात जपून ठेवलेल्या सुया आणि रक्ताचे बोळे हा राष्ट्रीय चर्चेचा विषय झाला. त्या दिवशी संसदेने एकही कलम तपासले नाही, एकही नियम बदलला नाही. ते काम न्यायालयाचे होते आणि समितीला ते झेपण्यासारखे नव्हते. वॅक्समन यांनी पुढे स्वतःच ही सुनावणी घेतल्याबद्दल खेद व्यक्त केला.

न्यायालयातही ते नीट झाले नाही. समितीपुढे खोटे बोलल्याच्या आरोपावरून क्लेमेन्सवर खटला भरला. २०११ मध्ये सरकारी वकिलांनी वर्ज्य ठरवलेला पुरावा ज्यूरीपुढे ठेवल्याने तो रद्द झाला आणि २०१२ मध्ये क्लेमेन्स सर्व सहा आरोपांतून निर्दोष सुटला. होमरनसाठी गाजलेला खेळाडू बॅरी बाँड्स याच्यावर ग्रँड ज्यूरीपुढे, म्हणजे खटला भरायचा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळापुढे, खोटे बोलल्याचा खटला चालला. तिथे एका फिरवाफिरवीच्या उत्तराबद्दल न्यायात अडथळा आणल्याचा एकच दोष टिकला आणि तोही २०१५ मध्ये अपिलात उडाला. खेळाडूंना उत्तेजके पुरवणाऱ्या बाल्को या कॅलिफोर्नियातल्या प्रयोगशाळेवर २००३ मध्ये धाड पडली, तिथपासून हा प्रवास बारा वर्षांचा. इतकी वर्षे सरकारी यंत्रणा औषध बनवणाऱ्यांपेक्षा ते नाकारणाऱ्यांच्या मागे अधिक धावली, हे मला या प्रकरणातले सर्वांत खंतावणारे वाटते.

खेळाडूंच्या संघटनेवर या काळात सर्वाधिक टीका झाली आणि बरीचशी रास्तही होती. चाचणी टाळण्यासाठी तिने खाजगीपणाचा हक्क ढालीसारखा वापरला. पण त्या हक्कात तथ्य नव्हते असे म्हणणे अन्यायाचे होईल. २००३ ची चाचणी निनावी राहील असे खेळाडूंना लेखी वचन होते. बाल्कोच्या तपासात अधिकाऱ्यांकडे दहा खेळाडूंच्या नमुन्यांपुरते वॉरंट होते. त्यांनी २००४ मध्ये शंभराहून अधिक जणांची यादी उचलून नेली. अपील न्यायालयाने ही जप्ती बेकायदा ठरवली, पण तोवर यादीतली नावे वर्तमानपत्रांकडे झिरपू लागली होती. २००९ मध्ये ॲलेक्स रॉड्रिगेझ, सोसा, डेव्हिड ऑर्टिझ अशी नावे एकामागून एक बाहेर आली, आणि ऑर्टिझचे म्हणणे होते की आपल्या नमुन्यात नेमके काय सापडले हे आपल्यालाही कोणी सांगितले नाही. ज्या संघटनेने भीती घातली होती की सरकारवर विश्वास ठेवलात तर फसाल, तिची भीती खरी ठरली. चाचणी हवी, तर तिची गुप्तताही तितक्याच काटेकोरपणे पाळायला हवी. एकीसाठी दुसरी सोडून चालत नाही.

आपल्याकडच्या वाचकाला खुली सुनावणी ही कल्पनाच काहीशी परकी वाटेल, कारण आपल्या संसदीय समित्यांच्या बैठका बंद दाराआड होतात. बेसबॉलच्या या प्रकरणाची आठवण मला २०१९ मध्ये झाली होती. भारतीय क्रिकेट नियामक मंडळ तोवर आपल्या खेळाडूंची उत्तेजक चाचणी राष्ट्रीय संस्थेकडे द्यायला तयार नव्हते. आपण सरकारी अनुदान घेत नाही, स्वायत्त आहोत, हे त्याचे म्हणणे बेसबॉलच्या मालकांच्या म्हणण्याशी फार जुळते. त्या जुलैत मुंबईचा पृथ्वी शॉ खोकल्याच्या औषधातून शरीरात गेलेल्या टर्ब्युटालिनमुळे आठ महिने निलंबित झाला. त्याने ते अजाणता घेतले हे मंडळाने मान्य केले आणि मलाही त्यावर शंका घ्यायची नाही. प्रश्न मंडळाच्या हिशेबाचा होता. नमुना फेब्रुवारीत घेतलेला, निकाल जुलैत जाहीर, आणि निलंबन मोजले गेले ते मागल्या तारखेने १६ मार्चपासून, ज्या काळात तो आयपीएलचा पूर्ण मोसम खेळून मोकळा झाला होता. नियम करणारा, चाचणी घेणारा, शिक्षा देणारा आणि त्या खेळाडूच्या खेळावर पैसा मिळवणारा एकच असेल, तर तारखांविषयी विचारायचे कोणी आणि कोणाला? ऑगस्टमध्ये मंडळाने चाचणी राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेकडे सोपवायला संमती दिली. ती सरकारी दबावाने दिली, पण बंद दाराआड. त्यामुळे आधीच्या वर्षांत काय झाले याची जाहीर झडती कधी झालीच नाही. अमेरिकेच्या त्या सुनावणीतले सारे दोष मान्य करूनही मला तिचा हेवा वाटतो, तो एवढ्यासाठी.

पण मूळ विषयाकडे येतो, कारण समितीचे सर्वांत मोठे अपुरेपण अजून सांगायचे राहिले आहे. मिचेल यांच्याकडे साक्षीदारांना बोलावण्याचा कायदेशीर अधिकार नव्हता, बहुतेक खेळाडूंनी त्यांना भेटायलाही नकार दिला, आणि ते स्वतः बॉस्टन रेड सॉक्स या क्लबशी संबंधित होते. या मर्यादा असूनही त्यांच्या अहवालात एक टिपण आहे, जे मला ८९ नावांहून मोलाचे वाटते. ते आहे ऑक्टोबर २००३ मधल्या लॉस अँजलिस डॉजर्सच्या अधिकाऱ्यांच्या बैठकीचे. संघातल्या एका कॅचरविषयी, म्हणजे यष्टिरक्षकासारख्या खेळाडूविषयी, त्यात नोंद केलेली आहे की तो आता स्टेरॉइड घेत नाही, त्याच्या खेळात त्यांचा मोठा वाटा होता, आणि तरी दुसऱ्या क्लबला देताना त्याला काही किंमत येऊ शकेल. त्या एका नोंदीत सगळे आहे. क्लबला ठाऊक होते, क्लबने त्याचा हिशेब केला होता, आणि त्या हिशेबावर व्यवहार ठरत होता. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला या धंद्याची वर्षाची उलाढाल सव्वा अब्ज डॉलरच्या आसपास होती, ती २००७ पर्यंत सहा अब्जांवर गेली. त्या वाढीत फुगलेल्या स्नायूंचा वाटा किती हे मालकांना शपथेवर विचारण्यासारखे होते.

समितीच्या हाती समन्स काढण्याचा अधिकार होता, जो मिचेल यांच्याकडे नव्हता. त्या अधिकाराने क्लबांच्या बैठकांची अशी टिपणे, डॉक्टरांचे अहवाल, खेळाडू विकत घेताना झालेला पत्रव्यवहार मागवता आला असता. जुन्या गुन्ह्यांना अभय देऊन खेळाडूंना बंद खोलीत बोलते करता आले असते, आणि खुल्या खोलीत, कॅमेऱ्यांपुढे, ज्यांनी त्यांना कामावर ठेवले त्यांना बसवता आले असते. प्रत्यक्षात अहवाल आल्यानंतर जानेवारी २००८ मध्ये समितीने मिचेल, सीलिग आणि फेहर यांना बोलावले, आणि लगेच पुढच्या महिन्यात क्लेमेन्सकडे वळली.

बाँड्स आणि क्लेमेन्स यांना हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलमधील थोरांच्या सन्मानदालनात, घ्यायचे की नाही यावर पत्रकारांनी दहा वर्षे मतदान केले आणि जानेवारी २०२२ मध्ये दोघांची नावे पत्रकारांच्या यादीतून कायमची गळाली. मॅग्वायर त्याआधीच गळाला होता. बड सीलिग यांना डिसेंबर २०१६ मध्ये तिथे निवडण्यात आले, आणि न्यूयॉर्क राज्यातल्या कूपर्सटाउन या गावी त्यांच्या नावाची ब्राँझची पाटी भिंतीवर लागलेली आहे. डॉजर्सच्या त्या बैठकीला जे बसले होते, त्यांच्यापैकी कोणालाही समितीपुढे बोलावण्यात आले नाही.